थेंबे थेंबे विष साचे

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी पाटीवर गिरवलेली आहे. काटकसरीचे गुण सांगण्यासाठी गुरुजी ती सांगत. पण साठत जाण्याचा हा नियम केवळ पैशांनाच लागू आहे असे नाही. विषालाही तो लागू आहे. आणि हे कळण्यासाठी माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली, त्याची हकीगत आज आपल्याला सांगायची आहे.

मी इतिहास शिकवणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. पण मागे एकदा वर्गात जपानच्या औद्योगिक प्रगतीचा भाग चालू असताना मी मिनामाता या गावाचे नाव घेतले, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, समुद्र एवढा मोठा. त्यात कारखान्याचा एवढासा पारा गेला तर असं काय होणार? विरघळून जाईल की!" वर्गातली काही मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, जगातल्या मोठमोठ्या शहाण्या माणसांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर ठाऊक आहे असे समजून ते पस्तीस-छत्तीस वर्षे वागले होते. त्या मुलाला तासाभरात जे नीट सांगता आले नाही, ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

जपानच्या दक्षिणेकडे क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता हे गाव. समोर शिरानुई नावाचा समुद्र. याला समुद्र म्हणायचे खरे, पण चहूकडून बेटांनी वेढल्यामुळे तो तळ्यासारखा शांत असतो. किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्या. शेती थोडी, मासळी मुबलक. या गावात १९०८ साली कार्बाइडचा एक कारखाना आला आणि तो वाढत वाढत पुढे 'चिस्सो' या नावाने प्रसिद्ध झाला. गावाला रोजगार मिळाला, दिवे आले, रेल्वेला काम मिळाले. पुढे पुढे तर नगरपालिकेच्या कराच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग कारखाना आणि त्याचे नोकर यांच्याकडून येऊ लागला आणि गावातल्या दर चार नोकऱ्यांपैकी एक कारखान्याची असे. जपानी लोक अशा गावाला किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले गाव म्हणत. आपल्याला ही उपमा समजावून सांगायला नको. गडावरचा हुकूम पेठेत चालायचाच.

१९३२ साली या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होऊ लागले. पुढे प्लॅस्टिकच्या धंद्यात या रसायनाला फार मागणी आली. ते तयार करताना क्रियेला चालना देण्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरीत. यातला काही पारा त्या भांड्यातच रूप पालटी आणि त्याचा मिथिल पारा बनत असे. हे सांडपाणी ह्याक्केन नावाच्या छोट्या बंदरातून खाडीत सोडले जाई. मासळी कमी झाली म्हणून कोळ्यांनी तक्रारी केल्या, त्यांना १९२६ साली आणि पुन्हा १९४३ साली काही रक्कम देऊन गप्प बसवण्यात आले. रक्कम घेतली की तक्रार मिटली, असा त्या काळचा हिशेब होता.

दुसरे महायुद्ध संपले. १९५० च्या सुमारास किनाऱ्यावर चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या. मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले. उडता उडता कावळे खाली पडू लागले. आणि मांजरे! कोळीवाड्यातले मांजर म्हणजे मासळीवर पोसलेले. ही मांजरे एकाएकी गरगर फिरत, झटके येऊन नाचल्यासारखी करीत आणि मरत. काही तर समुद्रात जाऊन पडत. लोकांनी या रोगाला 'मांजराच्या नाचाचा रोग' असे नाव दिले. पण मांजर मेले म्हणून कोण चौकशी करणार?

१९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच इस्पितळात आणण्यात आले. तिला नीट चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते, झटके येत होते. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीलाही तसेच होऊ लागले. आई सांगू लागली की शेजारच्या मुलीलाही हेच झाले आहे. इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला कळवले की, मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची साथ गावात आली आहे. तो दिवस मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानला जातो.

साथ म्हटल्यावर लोक घाबरले. रोग्यांना वेगळे ठेवले, त्यांच्या घरांवर जंतुनाशके शिंपडली. वाडीतले लोक त्या घराकडे फिरकेनात. आधीच घरात आजारी माणूस, त्यात शेजार तुटलेला. पुढे रोग संसर्गजन्य नाही हे सिद्ध झाले, तरी मनात बसलेला तो डाग अनेक वर्षे गेला नाही.

कुमामोतो विद्यापीठातील वैद्यकीय मंडळी कामाला लागली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी सांगितले की, हा जंतूंचा रोग नव्हे. कोणत्या तरी जड धातूची ही विषबाधा असून ते विष मासे आणि शिंपल्यांतून पोटात जात आहे. पुढल्या वर्षी गावच्या आरोग्य केंद्राच्या प्रमुखाने खाडीतले मासे मांजरांना खाऊ घालून पाहिले, आणि ती मांजरे तशीच नाचून मेली. यापुढे खरे तर मासेमारी बंद करायला हवी होती. प्रांताच्या सरकारने तशी विचारणाही केली. पण खाडीतला सगळाच मासा विषारी आहे असा पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही, असे उत्तर १९५७ च्या सप्टेंबरात राजधानीतून आले. सगळा मासा विषारी ठरेपर्यंत थोडा विषारी मासा खायला हरकत नाही, असाच याचा अर्थ झाला! मिनामाताचा मासा बाजारात कोणी घेईना. पण कोळ्याच्या घरी पोटाला दुसरे काय असणार? न विकलेला मासा घरातच शिजत राहिला.

आता तो धातू कोणता? मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक नावे पुढे आली आणि मागे पडली. १९५८ साली डग्लस मॅकआल्पाइन नावाचे एक इंग्रज मज्जातज्ज्ञ मिनामाताला येऊन गेले. दृष्टीचा परीघ आकसणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे ही लक्षणे पाहून त्यांना इंग्लंडातील जुन्या रोग्यांची आठवण झाली. बियाण्याला लावायची पाऱ्याची औषधे बनवणाऱ्या एका कारखान्यातील चार कामगारांचे वर्णन इंग्रज डॉक्टरांनी १९४० साली छापून ठेवले होते. वाटेवरचा दिवा लागला. १९५९ च्या फेब्रुवारीत खाडीचा गाळ तपासला तेव्हा कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी एका टन गाळात सुमारे दोन किलो पारा निघाला. रोग्यांच्या केसांत दहा लाख भागांत ७०५ भागांपर्यंत पारा सापडला; गावाबाहेरच्या माणसांच्या केसांत तो सरासरी चार भाग होता. १९५९ च्या जुलैत विद्यापीठाने जाहीर केले की, रोगाचे कारण सेंद्रिय पारा हेच होय.

येथे त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. खाडीच्या पाण्यात पारा होता, पण तो एवढा विरळ की, ते पाणी तोंडात गेले म्हणून कोणी मेले नसते. मग माशात तो कसा दाटला? याचे उत्तर वाण्याच्या खतावणीत आहे. जमा आणि खर्च. आपण मीठ खातो, जास्त झालेले मीठ लघवीवाटे, घामावाटे निघून जाते. जमा तेवढाच खर्च. मिथिल पाऱ्याचे तसे नाही. शरीरातील प्रथिनांत जो गंधकाचा अंश असतो त्याला तो घट्ट धरून बसतो. माणसाच्या शरीरात एकदा गेलेला हा पारा निम्मा होण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणजे साठलेल्या पाऱ्यातला रोज साधारण शंभरावा हिस्सा बाहेर पडतो. आता हिशेब करून पाहा. कोळ्याने रोज एकच भाग पारा खाल्ला, तर वर्षअखेर त्याच्या अंगात जवळजवळ शंभर भाग साठलेले असतात. रोजचे ताट तेच. त्यात काही वाढलेले दिसत नाही. पण आत तळे भरत असते.

हा झाला एका जीवाचा हिशेब. पण जीव जीवाला खातो. पाण्यातले सूक्ष्म जीव विष टिपून घेतात. असे हजारो जीव एक छोटा मासा खातो, आणि त्या सर्वांची शिल्लक त्याच्या खात्यावर जमा होते. तो मासा मोठ्या माशाच्या पोटात, मोठा मासा माणसाच्या ताटात. प्रत्येक पायरीला अंगभर अन्न लागते, त्यातले बरेचसे जळून जाते, विष मात्र मागे राहते. ऊस चरकातून जातो, पाणी आटते आणि काहिलीत गूळ उरतो, तसाच हा प्रकार. जो या साखळीत सर्वांत वरचा, त्याच्या वाट्याला सर्वांत दाट विष.

अगदी त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, हाच धडा वेगळ्या पाटीवर लिहिला जात होता. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. तेथे चिलटांचा उपद्रव फार. ती चावत नसत, पण मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांना त्रास होई. म्हणून १९४९ साली डीडीटीच्याच कुळातले डीडीडी नावाचे औषध पाण्याच्या सात कोटी भागांस एक भाग इतके विरळ करून टाकले. चिलटे पुन्हा वाढली, म्हणून १९५४ साली पाच कोटी भागांस एक भाग. इतक्या विरळ औषधाने कोणाचे काय बिघडणार! त्याच हिवाळ्यात ग्रीब नावाचे पाणपक्षी, आपल्याकडच्या टिबुकलीचे मोठे भाऊबंद म्हणा ना, मरून पडू लागले. त्यांच्या चरबीत दहा लाख भागांत १६०० भाग औषध निघाले. पाण्यात टाकलेल्या प्रमाणाच्या ही ऐंशी हजार पट होते! सरोवरावर एकेकाळी या पक्ष्यांची हजारावर जोडपी घरटी बांधीत; १९६० पर्यंत ती तिसाच्या आसपास उरली. राचेल कार्सन या विदुषीने १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात ही हकीगत सांगितली तेव्हा सामान्य वाचकाला हा साठत जाण्याचा नियम प्रथमच नीट समजला.

पुन्हा मिनामाताला जाऊ, कारण खरी इतिहासाची गोष्ट येथून पुढे आहे. इतिहासकाराला नुसते 'काय घडले' एवढे पुरत नाही. कोणाला केव्हा काय ठाऊक होते, हे त्याला पाहावे लागते.

डॉ. होसोकावा कारखान्याचेच नोकर. पण त्यांनी मांजरांवर स्वतःचे प्रयोग चालू ठेवले होते. १९५९ च्या जुलैत त्यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी थेट एका मांजराच्या अन्नात मिसळण्यास आरंभ केला. या मांजराचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मांजर क्रमांक ४०० ला झटके आले आणि ते नाचू लागले. आता शंकेला जागा उरली नाही. होसोकावांनी वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांनी प्रयोग थांबवण्यास सांगितले आणि निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही. होसोकावाही जाहीरपणे काही बोलले नाहीत.

उलट बाहेर निराळीच मते मांडली जात होती. कोणी म्हणे, युद्धानंतर लष्कराने समुद्रात टाकलेल्या स्फोटकांचे हे विष आहे. कोणी म्हणे, नासक्या माशांतल्या अमाइनचे. त्याआधी, १९५८ च्या सप्टेंबरात, कारखान्याने सांडपाणी खाडीऐवजी नदीच्या मुखाशी सोडून पाहिले होते. काही महिन्यांतच उत्तरेकडल्या नव्या वस्त्यांत रोगी दिसू लागले. न बोलावता एक प्रयोगच झाला म्हणायचा, पण माणसांवर. १९५९ च्या २ नोव्हेंबरला चिडलेले कोळी कारखान्यात घुसले. आरोग्य खात्याच्या समितीने नोव्हेंबरातच सेंद्रिय पाऱ्यावर बोट ठेवले. ती समिती लगेच बरखास्त झाली. डिसेंबरात कारखान्याने 'सायक्लेटर' नावाचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवले, आणि त्याच्या समारंभात कंपनीच्या अध्यक्षांनी शुद्ध झालेले पाणी म्हणून एक पेला पिऊन दाखवला. टाळ्या पडल्या असतील. पण पारा असलेले पाणी त्या यंत्रातून त्या वेळी जातच नव्हते!

त्याच महिन्याच्या ३० तारखेला रोग्यांशी करार झाला. तो नुकसानभरपाईचा नव्हता. 'समाचाराचे पैसे' असे त्याचे नाव. प्रौढ रोग्याला वर्षाला एक लाख येन, मुलाला तीस हजार. आणि खाली एक कलम: पुढे कारखान्याचे पाणीच रोगाला कारण ठरले, तरी अधिक काही मागता येणार नाही. कारखान्याला काही ठाऊक नव्हते, तर हे कलम घालायचे कारण काय? मांजर क्रमांक ४०० मेल्याला तेव्हा फार दिवस झालेले नव्हते.

सर्वांना वाटले, प्रकरण संपले. पण कोळीवाड्यात काही मुले अशी होती की, त्यांनी मासा कधी तोंडात घातलाच नव्हता, आणि तरी ती जन्मापासून मान धरीत नव्हती, बोलत नव्हती. त्यांच्या आया मात्र बऱ्यापैकी धडधाकट. आईच्या पोटातली वार मुलाचे विषापासून रक्षण करते, अशी वैद्यकाची तेव्हा ठाम समजूत होती, म्हणून डॉक्टर म्हणत, हा निराळा आजार. आया म्हणत, हा तोच. १९६२ च्या नोव्हेंबरात आयांचे म्हणणे खरे ठरले. सोळा मुलांना हा रोग आईच्या पोटातच झाला, हे मान्य झाले. वारेने विष अडवले नव्हते. आईच्या अंगातले विष तिने बाळाकडे पोचवले होते.

या कामात डॉ. मासाझुमी हाराडा यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जपानात बाळाची सुकलेली नाळ लहानशा पेटीत जपून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि 'जिथे नाळ पुरली तिथे ओढ' असे आपण म्हणतो. तिथल्या आयांनी त्या पेट्या हाराडांपुढे उघडल्या. वर्षानुवर्षांच्या नाळी तपासल्या तेव्हा त्यांत मिथिल पारा निघाला, आणि ज्या वर्षांत कारखान्याचे उत्पादन वाढले त्या वर्षांच्या नाळींत तो जास्त होता. कागदपत्रे दडवता येतात हे आम्हा इतिहासवाल्यांना नवीन नाही. पण आईने जपलेली नाळ हाही एक दप्तरखाना आहे, हे मला तरी ठाऊक नव्हते.

१९६५ साली निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, दुसऱ्या कंपनीच्या तसल्याच कारखान्याने तोच रोग पुन्हा दाखवला. १९५९ साली जे ठाऊक झाले होते ते तेव्हाच उघड झाले असते, तर ही माणसे वाचली असती. मिनामाताच्या कारखान्याने ॲसिटाल्डिहाइड बनवणे १९६८ च्या मे महिन्यात थांबवले, पण तेही ती पद्धत जुनी झाली म्हणून. २६ सप्टेंबर १९६८ रोजी सरकारने कारखान्यालाच अधिकृतपणे कारण ठरवले. रोग जाहीर झाल्यापासून बारा वर्षे लोटली होती.

१९६९ साली रोगी न्यायालयात गेले. १९७० च्या जुलैत डॉ. होसोकावांची साक्ष इस्पितळात, त्यांच्या खाटेपाशी घेण्यात आली. ते कर्करोगाने आजारी होते. त्यांनी मांजर क्रमांक ४०० ची हकीगत सांगितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. रोगाला प्रथम वाचा फोडणारेही तेच, आणि अकरा वर्षे गप्प राहणारेही तेच. त्यांना थोर म्हणावे की दोष द्यावा? मला अजून ठरवता आलेले नाही. मात्र मीठ खाल्लेल्या घराविरुद्ध बोलणे किती अवघड असते, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला समजावून सांगायला नको. २० मार्च १९७३ रोजी निकाल लागला. कारखाना दोषी ठरला, आणि ते 'समाचाराचे पैसे' देणारे करारपत्र नीतीविरुद्ध म्हणून रद्द झाले.

पुढे खाडीचा गाळ उपसून, भराव घालून सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन केली. खाली तो पारा गाडलेला आहे. विषारी मासा बाहेर जाऊ नये म्हणून खाडीच्या तोंडाशी जाळे लावले होते, ते १९९७ साली निघाले. २००१ च्या मार्चपर्यंत तेथे २२६५ लोकांना अधिकृतपणे रोगी ठरवले होते, त्यांपैकी १७८४ तोवर मरण पावले होते. अधिकृत यादीत नाव न लागलेले कित्येक हजार निराळेच.

पाऱ्याला आवर घालण्यासाठी राष्ट्रांनी २०१३ साली एक करार केला, त्याला मिनामाताचेच नाव दिले. भारताने तो २०१८ साली मान्य केला. आपल्याकडेही कोडाईकनालच्या डोंगरावरचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यामुळे २००१ साली बंद पडला होता, तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मासे खाणाऱ्यांनी घाबरून जाण्याचेही कारण नाही. मासा हे उत्तम अन्न आहे. एवढेच की, गरोदर बाईने मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत आणि लहान मासळी पसंत करावी, असे आरोग्याचे जाणकार सांगतात. का, ते आता वेगळे सांगायला नको.

त्या मुलाला मी आता असे सांगेन: बाळ, समुद्र मोठा आहे हे खरे. पण आपण समुद्र खात नाही, मासा खातो. समुद्र विसरतो, मासा विसरत नाही. म्हणून नाल्याच्या तोंडाशी उभे राहून 'एवढ्याशाने काय होणार' असे कोणी म्हणाले, तर त्याला एकच विचारावे की, हे 'एवढेसे' शेवटी कोणाच्या ताटात जाते? आणि विचारून थांबू नये. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.